मोजायचं कुठून?

माळेगाव बुद्रुकला आमचं उसाचं रान आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे रानातली कामं माझ्या वाट्याला फारशी येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मात्र एक आलं. नवीन पाइपलाइन टाकायची होती, जेसीबी ठरला होता आणि नेमकं त्याच दिवशी अण्णांना बारामतीला दवाखान्यात जावं लागलं. निघताना ते म्हणाले, "बांधापासून दहा फुटावर चर मारायला सांग." मी टेप घेतला, दहा फूट मोजले, चुन्याची रेघ मारली आणि ऑपरेटरला दाखवली. अर्ध्या तासात चरातून पाण्याचं कारंजं उडालं. जुनी लाइन फुटली होती.

अण्णांच्या मनातला बांध विहिरीकडचा होता. मी मोजलं होतं रस्त्याकडच्या बांधापासून आणि जुनी लाइन नेमकी तिथूनच गेली होती. उसाच्या पाण्याची पाळी चुकली, दुरुस्तीला आठवडा गेला. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दहा बरोबर होतं. कुठून, ते विचारायचं राहिलं."

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसात माझ्या हातून अगदी हीच चूक झाली. यावेळी मोजमाप फुटांत नव्हतं, पिक्सेलमध्ये होतं. त्या चुकीमागचा इतिहास शोधत गेलो तेव्हा कळलं, की या प्रश्नावर वेबचे प्रमाणग्रंथ लिहिणारे लोकसुद्धा एकदा अडखळलेत आणि त्यांना आपलं लिहिलेलं बदलावं लागलंय.

चार शून्यांची गोष्ट

वेबपेजवरची प्रत्येक गोष्ट, मग ते बटण असो, फोटो असो की एखादा शब्द, ब्राउझरच्या लेखी एक आयताकृती पेटी असते. त्या पेटीचा कोणता भाग दिसू द्यायचा हे सीएसएसमधल्या 'क्लिप' नावाच्या नियमाने सांगता येतं. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तो फोटोवर ठेवला, की खिडकीपुरतंच दिसतं, तसं. ही खिडकी चार आकड्यांनी सांगायची: रेक्ट(वर, उजवी, खाली, डावी).

आमच्या वेबसाइटवर बरीच बटणं नुसत्या चित्रांची होती. भिंग म्हणजे शोधा, फुली म्हणजे बंद करा. डोळ्यांनी बघणाऱ्याला ते पुरतं. ज्यांना दिसत नाही ते फोनवर टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरतात आणि तो स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो. नुसत्या चित्रावरून बटण कशाचं आहे हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बटणात 'शोधा', 'बंद करा' असे शब्द ठेवलेले होते आणि ते डोळ्यांना दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर एक जुनी ओळ होती, 'क्लिप: रेक्ट(०, ०, ०, ०)'. खिडकीच्या चारही कडा शून्यावर, म्हणजे खिडकीच उरली नाही. शब्द पानावर असतो, वाचला जातो, पण दिसत नाही.

क्लिप हा नियम आता कालबाह्य ठरवलेला आहे. त्याच्या जागी 'क्लिप-पाथ' वापरावा असं सांगितलं जातं. मला जुने नियम काढून नवे घालायचं काम मिळालं होतं. मी रेक्ट(०, ०, ०, ०) काढलं आणि त्या जागी इन्सेट(०) लिहिलं. चार शून्यांच्या जागी चार शून्यं.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंग टीमचा मेसेज आला, सगळ्या चित्रांवर अक्षरं सांडली आहेत. इन्सेटमध्ये शून्य म्हणजे 'या कडेपासून काहीही कापू नका'. जुन्या शून्याने सगळं झाकलं जायचं, नव्या शून्याने सगळं उघडं पडलं. रिलीज संध्याकाळी होती. घाईत मी 'डिस्प्ले: नन' लिहून ते शब्द गायब केले. पान पुन्हा छान दिसायला लागलं.

तीन आठवड्यांनी कस्टमर सपोर्टकडून एक मेल माझ्यापर्यंत आला. लिहिणाऱ्याला दिसत नव्हतं. टॉकबॅक प्रत्येक ठिकाणी फक्त 'बटण' म्हणतोय, कोणतं ते सांगत नाही, पैसे भरायचं बटण कुठलं ते कळत नाही, पूर्वी हे सगळं वाचलं जायचं, असं त्यात होतं. डिस्प्ले: नन केलेला मजकूर स्क्रीन रीडरसाठीही नसल्यासारखाच असतो. तीन आठवडे कुणाच्या डोळ्यांना काही चुकलेलं दिसलं नाही, कारण डोळे असणाऱ्यांसाठी काही चुकलेलंच नव्हतं.

चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. पण शून्याचा अर्थ उलटा का झाला, हे डोक्यातून जाईना.

इंदापूरची साखळी

आयत कसा मोजायचा हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही. आमच्या शेजारचा तालुका इंदापूर, आणि जमीन मोजणीच्या इतिहासात इंदापूरचं नाव वरच्या ओळीत आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात नव्याने सारा ठरवायला घेतला. पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल या अधिकाऱ्याचा, १८२७नंतरच्या वर्षांतला. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावरून सारा बसवायचा, असा त्यांचा बेत होता. कागदावर तो अतिशय काटेकोर होता. प्रत्यक्षात हिशेब गुंतागुंतीचा झाला, सारा जड झाला आणि शेतं पडीक पडली. मग १८३६मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. तिथे बसवलेले दर ३० वर्षांसाठी कायम केले गेले. पुढे 'बॉम्बे सर्व्हे' म्हणून जी पद्धत इलाखाभर गेली तिची सुरुवात ही, आणि १८४७च्या 'जॉइंट रिपोर्ट'मध्ये तिचे नियम नीट मांडले गेले.

या पद्धतीतली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण गुंठ्यात बोलतो ते या साखळीमुळे.

मोजायची रीत अशी. शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायची, ती मुख्य रेघ. तिच्यावरून चालत जायचं आणि जिथे बाजूला हद्दीचा कोपरा येईल तिथे शंकूने काटकोन साधून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. किती चाललो आणि बाजूला किती गेलो, हे दोन आकडे लिहून ठेवायचे. सगळी मापं एकाच रेघेपासून, एकाच टोकापासून.

आता कुठलंही खरेदीखत काढून बघा. त्यात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचं रान, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमक्याचा गट. इथे एक टोक नाही. प्रत्येक बाजू तिच्या शेजाऱ्यावरून ओळखायची. पूर्वेचं पूर्वेपाशी, पश्चिमेचं पश्चिमेपाशी.

दोन्ही रीती बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच शेताचं वर्णन करतात. गोंधळ होतो तो एका रीतीने लिहिलेले आकडे दुसऱ्या रीतीने वाचले तर. मी रानात तेच केलं होतं, ऑफिसात तेच केलं होतं, आणि १९९८मध्ये वेबवर तेच झालं होतं.

पुस्तक एक सांगतं, ब्राउझर दुसरं करतात

१९९७ हे ब्राउझरच्या लढाईचं वर्ष. नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ त्याच वर्षी आले. पानावरच्या पेट्या हव्या तिथे ठेवता याव्यात, हलवता याव्यात, थोड्या झाकता-उघडता याव्यात, अशी दोघांची खटपट होती. नेटस्केपने 'लेयर' नावाचा स्वतःचा टॅग काढला. त्यालाही क्लिप होतं आणि त्यात आकडे द्यायचा क्रम होता डावी, वर, उजवी, खाली. सगळी मापं लेयरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामरना हीच सवय होती. विंडोजमध्ये आयताची नोंद डावी-वर-उजवी-खाली अशी, जुन्या मॅकिंतॉशच्या क्विकड्रॉमध्ये वर-डावी-खाली-उजवी अशी. क्रम वेगळा, पण आरंभ दोन्हीकडे वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनच. इंदापूरच्या साखळीसारखं, सगळं एका टोकापासून.

सीएसएसची सवय वेगळी होती. तिथे समास द्यायचा असेल तर चार आकडे वर, उजवी, खाली, डावी या क्रमाने देतात. घड्याळाच्या काट्यासारखं, बाराच्या ठोक्यापासून फिरत. खरेदीखतातली पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर ही प्रदक्षिणाही त्याच दिशेने जाते. आणि समासात प्रत्येक आकडा आपापल्या कडेचा असतो. उजवीकडे १० म्हणजे उजव्या कडेपासून १०. चतुःसीमेची रीत.

१२ मे १९९८ला सीएसएसची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली आणि तिच्यात क्लिपचा रेक्ट आला. क्रम समासाचाच, आणि अर्थही समासाचाच: चारही आकडे आपापल्या बाजूपासून मोजायचे. तिथे दिलेलं एक उदाहरण होतं रेक्ट(५, १०, १०, ५), म्हणजे वरून ५ पिक्सेल कापा, उजवीकडून १०, खालून १०, डावीकडून ५.

पण ब्राउझर असं वागत नव्हते. त्यांनी क्रम सीएसएसचा घेतला आणि मोजायची रीत जुनीच ठेवली. उजवा आकडासुद्धा ते डाव्या कडेपासून मोजत, खालचा आकडा वरच्या कडेपासून. पुस्तक वाचून पान बनवावं तर स्क्रीनवर भलतंच दिसे. लोकांनी मग करायचं तेच केलं. पुस्तक बाजूला ठेवलं आणि स्क्रीनवर जे बरोबर दिसेल ते लिहिलं. अशी पानं वाढत गेली.

अण्णा अशा परिस्थितीला वहिवाट म्हणतील. नकाशात रस्ता नसतो, पण पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या तिथूनच जातात. तो बंद करायला गेलं तर गाव उभं राहतं.

सीएसएस २.१ या सुधारित आवृत्तीचं काम २००२पासून लोकांसमोर आलं आणि ती प्रमाण म्हणून जाहीर व्हायला ७ जून २०११ उजाडलं. तिच्यात वहिवाटीला मान दिला गेला. व्याख्याच बदलली: वरचा आणि खालचा आकडा वरच्या कडेपासून, डावा आणि उजवा आकडा डाव्या कडेपासून. उदाहरणही बदललं. ५० पिक्सेल रुंद आणि ५५ पिक्सेल उंच पेटीसाठी आता लिहिलं होतं रेक्ट(५, ४०, ४५, ५). गणित करून बघा. उजवीकडून १० म्हणजे डावीकडून ५० वजा १०, ४०. खालून १० म्हणजे वरून ५५ वजा १०, ४५. खिडकी तीच, हललेली नाही. फक्त मोजणारा माणूस दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

स्वल्पविरामाचाही असाच गोंधळ झाला होता. १९९८च्या व्याख्येत आकड्यांमध्ये नुसती मोकळी जागा होती आणि खालच्या उदाहरणात स्वल्पविराम. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांना मोकळी जागा लागे. म्हणून कितीतरी जुन्या वेबसाइटच्या कोडमध्ये तोच नियम दोनदा सापडतो, एकदा स्वल्पविरामाशिवाय आणि एकदा त्याच्यासह. २.१ने सांगितलं, की स्वल्पविराम द्या, ब्राउझरने तो समजलाच पाहिजे. स्वल्पविरामाशिवायचंही चालवून घेतलं तरी हरकत नाही, पण दोन्हीची खिचडी नको.

आता माझं जुनं शून्य उलगडतं. रेक्ट(०, ०, ०, ०)मध्ये उजवी कड डावीपासून शून्यावर आहे, म्हणून सगळं झाकलं जातं. हाच नियम १९९८च्या पुस्तकाप्रमाणे वाचला तर त्याचा अर्थ 'काहीही कापू नका' असा होतो.

रकान्यात शून्य, शेऱ्यात खुलासा

इथवरचा इतिहास कागदावरचा. माझ्यातल्या इंजिनियरला पुढचा भाग जास्त आवडला. हे चार आकडे ब्राउझरच्या आत कसे साठवतात?

ब्राउझरच्या ज्या भागात सगळे नियम वाचून कोणत्या पेटीला काय लागू होतं हे ठरतं, त्याला स्टाइल इंजिन म्हणतात. त्याची एक मर्यादा आहे. पेटी किती रुंद आणि किती उंच होणार हे त्याला माहीत नसतं. ते पुढच्या टप्प्यात, लेआउटमध्ये ठरतं. सातबाऱ्यावर नोंद घालणाऱ्या तलाठ्याने रानात पाऊलही टाकलेलं नाही, असं समजा.

सगळी मापं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून असतील तर या तलाठ्याचं काम सोपं होतं. डावी ५, उजवी ४०, म्हणजे आयत ५पासून सुरू होतो आणि ३५ रुंद आहे. पेटीची रुंदी माहीत नसली तरी चालतं. उजवा आकडा उजव्या कडेपासून असता तर पेटीची रुंदी कळेपर्यंत तो तसाच बाजूला ठेवावा लागला असता. ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपली रीत का सोडली नाही, याचं एक कारण मला यात दिसतं.

पण एक पाचर होती, 'ऑटो'. रेक्टमध्ये कुठल्याही आकड्याच्या जागी ऑटो लिहिता येतं. त्याचा अर्थ ती कड पेटीच्याच कडेवर ठेवा. वर आणि डावीकडे हे सोपं आहे, ते शून्यच. उजवीकडे ऑटो म्हणजे पेटीची पूर्ण रुंदी, आणि ती तर अजून कुणालाच माहीत नाही.

त्याहून मोठी गंमत म्हणजे ऑटो दोन आहेत. नुसतं 'क्लिप: ऑटो' म्हणजे कापायचंच नाही. 'क्लिप: रेक्ट(ऑटो, ऑटो, ऑटो, ऑटो)' म्हणजे पेटीच्या कडेवर बरोबर कापा. पेटीच्या बाहेर सावली पडलेली असेल तर पहिल्यात ती राहते, दुसऱ्यात जाते. शब्द एकच, पण एक सांगतो 'कुंपण नाही' आणि दुसरा सांगतो 'कुंपण बांधावरच'.

वेबकिटने, म्हणजे सफारीच्या इंजिनाने, चार लांब्यांची एक जोडणी ठेवली आणि शेजारी 'क्लिप आहे की नाही' असं एक वेगळं होय-नाही ठेवलं. फायरफॉक्सच्या गेको इंजिनाने वेगळा मार्ग घेतला. त्यात एक साधा आयत होता, कुठून सुरू, किती रुंद, किती उंच एवढाच. त्याच्याजोडीला खुणांचा एक आकडा. त्यातल्या चार खुणा चार कडांसाठी: ही कड मुळात ऑटो होती.

समजा वरची कड ऑटो आहे. मग आयतात तिथे ० लिहायचं आणि खूण करायची. उजवी कड ऑटो असेल तर रुंदीच्या जागी कोडमधली सर्वांत मोठी लांबी लिहायची आणि खूण करायची. मोठी अशासाठी, की आयत रिकामा आहे असं वाटून कुणी तो फेकून देऊ नये. चित्र काढायची वेळ आली आणि पेटीची खरी रुंदी कळली, की खूण बघून तो फुगवलेला आकडा बदलायचा.

हे मी वाचलं तेव्हा मला सातबारा आठवला. रकान्यात एक आकडा आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या आकड्याचा खुलासा. शेरा वाचला तर सगळं ठीक. पण शेरा वाचायची सक्ती कुणावर नसते. घाईतला प्रोग्रामर फक्त आयत उचलतो, रुंदी म्हणून अवाढव्य आकडा घेतो आणि पुढे जातो. त्याला अडवणारं कोडमध्ये काही नसतं. ही पद्धत वर्षानुवर्षं चालली ती चुका होत नाहीत म्हणून नव्हे, तर वापरणाऱ्यांना शेरा वाचायची सवय होती म्हणून.

खुलासा आकड्याच्या आतच

१४ नोव्हेंबर २०१७ला फायरफॉक्स ५७ आलं. त्यात स्टाइल इंजिन बदललं होतं. मोझिलाच्या सर्वो या प्रायोगिक ब्राउझरसाठी रस्ट भाषेत लिहिलेलं इंजिन फायरफॉक्समध्ये बसवलं गेलं होतं, 'स्टायलो' नावाने. त्याच दिवशी रस्टच्या ब्लॉगवर या कामाची हकीकत आली. लिहिणाऱ्याचं नाव होतं मनीष गोरेगावकर. ब्राउझर म्हणजे कुठेतरी कॅलिफोर्नियात होणारी गोष्ट असं मी कॉलेजात समजत होतो. त्या नावाने तो समज गेला.

त्या लेखातला मुद्दा एकाच वेळी अनेक कोअरवर स्टाइलचं काम कसं वाटून देता आलं, हा होता. मला आवडलेली गोष्ट त्या मानाने बारीक आहे. रस्टमध्ये 'इथे आकडा आहे किंवा काहीच नाही' असा प्रकारच तयार असतो. सर्वोमध्ये क्लिपच्या चारही कडा या प्रकारात ठेवल्या गेल्या. ऑटोसाठी शून्य नाही, अवाढव्य आकडाही नाही. तिथे 'काही नाही' असतं. ते उघडून बघितल्याशिवाय आतला आकडा हातात येत नाही, आणि आकडा नसेल तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम तयारच होत नाही.

पुढे याला आणखी स्पष्ट नावं मिळाली. बाहेरचा प्रकार 'चौकट किंवा ऑटो'. चौकटीच्या आत चार कडा, प्रत्येकीचा प्रकार 'लांबी किंवा ऑटो'. दोन ऑटो आता दोन वेगळ्या जागी राहतात आणि त्यांची गल्लत करायची म्हटली तरी होत नाही. रस्टमधल्या याच प्रकारावरून फायरफॉक्सच्या जुन्या सी++ कोडसाठीही जुळा प्रकार आपोआप तयार होतो. खुणांचा आकडा गेला. शेरा आता रकान्याच्या आतच आहे, तो वाचल्याशिवाय आकडा मिळत नाही.

तरी एक गोष्ट या प्रकारातही लिहिलेली नाही. उजव्या कडेची लांबी ४० आहे हे तो सांगतो. ४० कुठून, हे सांगत नाही. ते अजूनही वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं.

सोडलेली रीत परत येते

सीएसएस २.१ने १९९८ची रीत सोडली तेव्हा तिथे एक छोटी टीप ठेवली होती: पुढे कधीतरी प्रत्येक कडेपासून मोजायची सोय परत आणता येईल. ती आलीही. क्लिप-पाथच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१४मध्ये पक्का होत आला आणि त्यात इन्सेट होतं. चार आकडे, क्रम तोच, वर-उजवी-खाली-डावी, आणि मोजायचं आपापल्या कडेपासून. १९९८च्या पुस्तकात होतं तसंच, फक्त नाव नवं. जुन्या नावावर वहिवाट बसली होती, त्यामुळे जुनी रीत परत आणायला नवं नाव घ्यावंच लागलं.

ज्या सुधारणेच्या कामात मी फसलो त्याचं मूळ हे. 'क्लिप कालबाह्य, क्लिप-पाथ वापरा' एवढंच मी वाचलं. मोजणारा पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात गेलाय, हे बघितलं नाही. इन्सेट(५०%) लिहायला हवं होतं. चारही बाजूंनी अर्धं-अर्धं कापलं की मध्ये काही उरत नाही.

आणि २०२३च्या सुमारास क्लिप-पाथमध्ये पुन्हा 'रेक्ट' आलं, वरच्या आणि डाव्या कडेपासून मोजणारं. सोबत कोपरा, रुंदी आणि उंची देऊन आयत सांगायचीही सोय आली. म्हणजे आता सगळ्या रीती आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे. भांडण मिटायला पंचवीस वर्षं लागली, आणि मिटलं ते दोन्ही बाजूंना जागा देऊन.

जुनं क्लिप मात्र कोणताही ब्राउझर काढून टाकत नाही. कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, माझ्याच कोडमध्ये होतं. बूटस्ट्रॅपसारख्या तयार संचात आणि वर्डप्रेसच्या असंख्य थीममध्ये स्क्रीन रीडरसाठीचा मजकूर झाकायला क्लिपचीच ओळ वापरली गेली. १९९७मध्ये हलणारी, उघडणारी-मिटणारी पानं करता यावीत म्हणून निघालेला नियम शेवटी टिकून राहिला तो न दिसणाऱ्यांना वाचून दाखवायचे शब्द जपण्यासाठी. तो काढला तर अगणित पानांवरची बटणं एकतर अक्षरांनी माखतील, किंवा माझ्यासारखा कुणीतरी घाईत ती मुकी करून टाकेल.

त्या मेलला मी स्वतः उत्तर लिहिलं. चूक काय झाली ते सांगितलं आणि दुरुस्ती गेल्याचं कळवलं. उत्तर आलं, "आता वाचतंय. धन्यवाद." त्या रात्री मी फोनवर टॉकबॅक सुरू केला, डोळे मिटले आणि आमच्याच साइटवर पैसे भरायचा प्रयत्न केला. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. तेव्हापासून कोणताही बदल पुढे पाठवण्याआधी मी हे एकदा करतो.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. नवीन लाइनवर अण्णांनी दोन टोकांना दगड पुरलेत आणि लाल ऑइलपेंटने त्यांच्यावर लिहून घेतलंय: 'विहिरीकडील बांधापासून १० फूट'. लाल अक्षरं अजून ताजी आहेत. मी फोटो काढून ऑफिसच्या टीमच्या ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, हे काय आहे? मी लिहिलं, डॉक्युमेंटेशन.